हे बाळ कोण?

दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय आणि ती इतकी लहान आहे की कोणाला सांगायला गेलं तर समोरचा म्हणेल, बरं, मग? नवऱ्याला, स. ला, सांगितली तेव्हा तो हसला. त्याला खरंच गोड वाटली ती. त्या क्षणी मीही हसले होते, पण नंतर भांडी आवरताना घसा दाटून आला आणि का ते कळेना, म्हणून लिहायला बसलेय.

मोबाईलची जागा संपली होती, फोटो डिलीट करत बसले होते आणि ओजू नेहमीसारखा मांडीवर चढून बसला. बरेच फोटो त्याला ओळखू आले, हा बाबा, ही आजी, हे पाइप, हे ओजूचे बूट. आणि मग भोपळ्याचा तो फोटो आला. नाकाच्या शेंड्याला पिवळे पराग लागलेत, हातात नर फूल देठाला घट्ट धरलंय आणि तोंड उघडं आहे, कारण मादी फूल उमललेलं त्यालाच आधी दिसलं होतं. मी म्हटलं, बघ बघ, हे कोण? त्याने अगदी नीट, वेळ घेऊन बघितलं आणि मलाच विचारलं, "हे बाळ कोण?"

अरे तूच की, मी म्हटलं. तर म्हणे, "ओजू नाही. बाळ." आणि उतरून खेळायला गेला.

बास. एवढंच झालं.

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे हे मी स्वतःला दुपारपासून विचारतेय. अजून तीन पूर्ण नाहीत त्याला, वर्षभरापूर्वीचा चेहरा कसा ओळखणार, केस नव्हते तेव्हा एवढे, गाल वेगळे होते. सगळं मान्य. पण तो फोटो म्हणजे नुसता चेहरा नाही ना, ते आमचे कितीतरी महिने आहेत. उन्हाळाभर आम्ही दोघं उठलो की आधी गच्चीवर. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटायला लागतं, त्यामुळे उशीर करून चालतच नाही. सुरुवातीला कितीतरी दिवस नुसती नर फुलंच येत होती आणि मी रोज निराश होऊन खाली यायचे, मग कुठेतरी वाचलं की आधी नर फुलंच येतात, मादी मागाहून. आणि मग ती आली, मागे इवलासा गोल भोपळा चिकटलेली. गच्चीवर मधमाश्या फारशा फिरकत नाहीत, म्हणून नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या आत हलकेच फिरवायचा. हे काम ओजूचं. मी त्याचं मनगट धरायचे आणि तो श्वास रोखून फिरवायचा. त्या वयाचं मूल एवढं हळू काही करू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

पहिली दोन पिवळी पडून गळाली. तिसऱ्याला फळमाशी लागली, आतून सडलं. चौथ्याला मी फळ धरल्या धरल्या जुन्या ओढणीचा तुकडा गुंडाळला आणि तो राहिला. राहिला म्हणजे वाढला! रोज जाऊन ओजू त्याच्यावर हात ठेवायचा, आधी मुठीएवढा, मग दोन हातांत न मावणारा. तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं, नुसतं "भो" म्हणायचा. सकाळी डोळे उघडले की भो.

आणि आता विचारतो, हे बाळ कोण.

खरं सांगायचं तर मला राग आला. त्याच्यावर नाही, त्याच्यावर कसा येणार. पण असं वाटलं की मी एवढे महिने एका गोष्टीत जीव ओतला आणि ती गोष्ट ज्याच्यासोबत घडली त्याच्याकडे तिची खूणही नाही. दोघांचं असं जे होतं ते आता फक्त माझं उरलंय आणि ते सांभाळायला मी एकटी. त्या सकाळी आम्हा दोघांशिवाय गच्चीवर कोणी नसायचं, स. झोपलेला असायचा, आई तेव्हा दादाकडे होती. म्हणजे साक्षीदारच नाही कोणी. मी जर उद्या विसरले तर ते झालंच नाही असं होईल की. हा विचार आला आणि मग घसा दाटला, आता लिहिताना कळतंय.

(ऑफिसचं जे काही चाललंय त्याचाही यात वाटा असेल. पण त्याबद्दल आज नको.)

मी वाचत बसले मग, ओजू झोपल्यावर. मोठ्या माणसांना सहसा तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काही आठवत नाही हे ऐकून होते, पण मला वाटायचं की ते साठवलंच जात नसेल. तसं नाहीये. लहान मुलांना आठवत असतं, महिनोन्महिने आठवतं, आणि मग ते जातं. एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांना आपापल्या आईबरोबर नुकत्याच घडलेल्या गोष्टींबद्दल बोलायला लावलं होतं आणि काही वर्षांनी परत त्याच गोष्टी विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातलं निम्म्याहून जास्त आठवत होतं आणि आठ-नऊच्या मुलांना साधारण एक तृतीयांश. म्हणजे गळती चालूच राहते. आणि टोरांटोमध्ये 2014 साली उंदरांवर जे काम झालं त्यात असं निघालं की लहान वयात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी इतक्या वेगाने तयार होत असतात की त्या जागा घेताना जुन्या जोडण्या विस्कटतात. पिल्लांमध्ये नव्या पेशींचा वेग कमी केला तर त्यांना जास्त दिवस आठवलं. गिनीपिगची पिल्लं बरीचशी तयार मेंदू घेऊनच जन्माला येतात, ती एवढं विसरत नाहीत.

म्हणजे तो वाढतोय म्हणून विसरतोय. हे वाचून बरं वाटायला हवं होतं. स. ला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, आठवण गेली तरी हात विसरत नाहीत, बघ तो आजही फुलाला किती हळू हात लावतो. खरंच लावतो. ताईची मुलं बागेत आली की फुलं ओरबाडतात आणि हा देठाला धरून वाकून बघतो. पण मला ते नको होतं ना, मला हे हवं होतं की त्याने त्या फोटोकडे बघून म्हणावं, भो. स. ने मग परत तो दुसरा विषय काढला, मी उठून पाणी प्यायला गेले.

आणि गंमत बघा, सगळंच विसरलाय असंही नाही. पाइप फुटला होता ते त्याला लख्ख आठवतं. त्याच वेलीचे शेवटचे दिवस होते, पानांवर भुरी, ती पांढरी बुरशी, आली होती, मी वैतागून पानं काढत होते आणि नळाच्या जोडाजवळ पाइप फाटकन सुटला आणि स. भिजला, आजी भिजली, वाळत घातलेले कपडे भिजले. त्या गोष्टीला मी काडीचं महत्त्व दिलं नव्हतं. आणि ओजू आजही नळाजवळ गेला की दोन्ही हात वर करून "फुस्स! बाबा ओला!" सुरू करतो.

मला हे दुपारी अन्यायाचं वाटत होतं. आत्ता लिहिता लिहिता दुसरंच काहीतरी दिसतंय. पाइपचा किस्सा आमच्याकडे सगळे सांगतात. येईल त्याला सांगतात, स. तर अभिनय करून दाखवतो आणि ओजू मध्ये उभा राहून ऐकतो. मी मघाशी वाचलं त्यातही हेच होतं, घरात ज्या गोष्टींबद्दल पुन्हा पुन्हा, तपशिलात बोललं जातं त्या मुलांजवळ जास्त टिकतात. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांकडे पूर्वीचं सांगण्याला फार मान असतो आणि त्यांच्या पहिल्या आठवणी इतरांपेक्षा लवकरच्या असतात, सरासरी अडीच-पावणेतीन वर्षांच्या आसपासच्या. आणि मी भोपळ्याच्या त्या सकाळी कोणालाच सांगितल्या नाहीत. फोटो पाठवले ते मोठ्या भोपळ्याचे, शेवटचे. फुलांबद्दल, त्याने श्वास रोखायचा त्याबद्दल, कोणाला एक शब्द नाही. ते मला माझ्यापाशी ठेवायचं होतं. अजूनही ठेवायचंय बहुतेक.

रात्री न राहवून आईला फोन केला. म्हटलं, मी दोन वर्षांची असतानाचं काहीतरी सांग. आईकडे एक ठरलेली गोष्ट आहे, मी गुलाबाच्या कुंडीतली माती खात बसले होते आणि विचारलं तर माती भरल्या तोंडाने "नाही" म्हटलं. माझ्या लग्नातसुद्धा सांगून झालीये. ती तिने सांगितली. मी म्हटलं, ती नको, दुसरी. आई बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "अगं, तुझं आणि दादाचं माझ्या डोक्यात एक झालंय आता. ती मातीची सुद्धा बहुतेक त्याचीच गं, तुझ्या वेळी गुलाब नव्हते आपल्याकडे."

मी काही बोललेच नाही. पस्तीशी गाठली मी, आणि माझ्या लहानपणाची जी एकमेव गोष्ट माझ्याकडे होती ती दादाची निघाली. आईला वाटलं मला वाईट वाटलं, ती घाईघाईने म्हणाली, पण तू खूप गुणी होतीस हां. आम्ही दोघी हसलो आणि मग बाबांच्या तब्येतीवर बोलणं गेलं, ते असो.

पण फोन ठेवल्यावर मला वाईट वाटत नव्हतं. उलट मोकळं वाटत होतं आणि ते का हे अजून नीट सांगता येत नाहीये. आईनेही कधीतरी माझं मनगट धरलं असेल कशासाठी तरी. ते मला आठवत नाही, आणि आता तिलाही आठवत नाही, दोन्हीकडून पुसलं गेलंय. म्हणजे दुपारी मला ज्याची भीती वाटली ते आमच्याबाबतीत होऊन गेलंय आधीच. तरी मला बरं नसलं की पहिला फोन तिलाच जातो. हे प्रेम कुठल्या प्रसंगावर उभं आहे म्हणून विचारलं तर माझ्याकडे दाखवायला एकही प्रसंग नाही, आणि मला आजपर्यंत त्याची कधी उणीव भासली नाही. ओजूला तरी का भासावी?

आणि फोटोतलं ते बाळ. ओजू बरोबरच बोलला असं आता वाटतंय. ते बाळ वेगळंच होतं. "भो" एवढाच शब्द येणारं, अंगाला दुधाचा वास असणारं. ते आता नाहीये आणि मला त्याची आठवण येते, इतकी की कधीकधी मोठा ओजू समोर खेळत असतानाही येते. हे मी स. ला सांगितलेलं नाही. त्या बाळाची आठवण ओजूने काढावी अशी माझी अपेक्षा होती, पण त्याला कशी येईल, तो तर रोज नवीन व्हायच्या गडबडीत आहे. ती मलाच येणार. येऊ दे.

झोपायच्या आधी मी त्याला गोष्ट सांगितली होती, हे लिहायचं राहिलंच. "आठवतंय का" असं विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, एक होती वेल, तिला आली पिवळी फुलं, मग काय झालं असेल? तो म्हणाला, बाळ आलं. मी म्हटलं, हो, आलं, मग? बाळाने फूल लावलं फुलाला. (हे मी मघाशी फोटो बघताना बोलले होते, तिथून उचललं असणार.) मग? मग भोपळा मोठ्ठा. आणि मग? "मग पाइप फुटला, फुस्स! भोपळा ओला! बाबा ओला!"

तसं काही झालं नव्हतं. भोपळा त्याच्या कितीतरी आधी उतरवून झाला होता. तोंडावर आलं होतं सांगायला, पण तो इतका खूश होता, भोपळा ओला झाल्याचं त्याला एवढं हसू येत होतं की मी म्हटलं, हो रे, चिंब झाला. मग तेच परत सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी भोपळ्याला टॉवेलने पुसावं लागलं.

त्या भोपळ्याच्या बिया राखेत घोळून डब्यात ठेवल्यात. उद्या टबातली माती उलथून, शेणखत मिसळून दोन दिवस उन्हात पडू द्यायची, मग बी थेट टबातच लावायचं, रोप करून हलवलेलं भोपळ्याला मानवत नाही. जाळी या वेळी भिंतीपासून लांब बांधायला हवी म्हणजे वारा खेळेल आणि भुरी उशिरा येईल. आणि सकाळी आजीलाही वर बोलवायचं ठरवलंय, तिचे गुडघे बरे असले तर.