ए ऊरू?

मंगळवार, रात्री साडेदहा

आज बाजारात एक जण मला मॅडम म्हणाला. झालं ते एवढंच. यात लिहिण्यासारखं काय आहे, असं जेवताना तीनदा स्वतःला विचारलं आणि तरी वही काढून बसलेच.

ऑफिसात दिवसभर मॅडमच म्हणतात, त्याचं काही नाही. पण तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला ‘अक्का’ म्हणत होता. त्याच दमात, त्याच तोंडानं. “घ्या की अक्का, पितळी तोटी हाय, दहाला काय येतंय आजकाल,” आणि लगेच माझ्याकडं वळून, आवाज थोडा स्वच्छ करून, “बोला मॅडम.”

सोलापूरच्या मंगळवारच्या बाजारात माठ आणायला गेले होते. साडेदहालाच डांबर चपलेतून कळत होतं. पारा म्हणे ४३ वर होता. बुरडाच्या सुपांवरून, विळ्या-खुरप्यांवरून, उघड्या पडलेल्या पंख्यांच्या मोटारींवरून नजर फिरवत कुंभाराकडं निघाले होते, तर याच्या पोत्यावर ते दिसलं. हातभर लांबीचे पिवळट पुठ्ठे, भोकं पाडलेले, दोऱ्यानं एकाला एक ओवलेले, कडेला शाईनं नंबर. जेकार्डचे पत्ते.

लहानपणी साखर पेठेत आत्याकडं गेलं की हे मागाच्या डोक्यावरून सरकताना बघायचे. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. जिथं भोक, तिथला उभा धागा उचलला जाणार, जिथं नाही तिथला खालीच राहणार, मधून धोटा जाणार, की पुढचा पुठ्ठा. खटाक. असं करत करत चादरीवर मोर उतरायचा, या बाजूला निळा तर त्या बाजूला पांढरा. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आले, डिझाईन पेन ड्राइव्हमधून जातं आणि हे पुठ्ठे पोत्यावर येतात.

“डेकोरेशनला घ्या मॅडम. हॉटेलवाले भिंतीला लावूलालेत की. दोनशे.”

इथं मी गप्प बसून पैसे द्यायला हवे होते. त्याऐवजी मी त्याला जेकार्ड कसा चालतो ते समजावून सांगितलं! भोक म्हणजे काय, धागा कसा उचलतो, सगळं. वर शेजारच्या ढिगातली एक चादर उलटून, दोन्ही बाजू बघून, ‘ही पानिपतची दिसते, सोलापुरी नाही’ असंही म्हणाले. कुणी विचारलं होतं? तो बिचारा मान हलवत ऐकत होता. “असं का मॅडम.” त्याच्या हाताच्या पेरांवर वर्षानुवर्षं सूत घासून पडतात तसे घट्टे होते, ते मला नंतर दिसले. म्हणजे दोनशेची नोट घेताना.

तेव्हा ती अक्का तोटी पिशवीत टाकत त्याला म्हणाली, “ए ऊरू?”

मला तेलुगू येत नाही. ज्या गल्लीत निम्म्या घरांत तेलुगू बोलायचे त्या गल्लीत सगळ्या सुट्ट्या काढून ओकटी, रेंडू, मूडूच्या पुढं गेले नाही, याची लाज वेगळीच. पण एवढं कळतं. कुठल्या गावची?

तो म्हणाला, “पुणे.”

दोघं हसली. वाईट हसली नाहीत, पाहुण्यावर हसतात तसं.

मग मी का नाही बोलले? हेच दुपारपासून चाललंय. ‘इथलीच आहे’ हे दोन शब्द. आजोबा जुन्या मिलमध्ये होते, १८७७ साली सुरू झालेल्या त्या मिलच्या भोंग्यावर आमच्या घरचं घड्याळ लागायचं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथामागं मी बाबांच्या खांद्यावर बसून फिरलेय. शेंगाचटणी पुण्याच्या दुकानातली तोंडात धरवत नाही. हे सगळं मनात रिक्षात बसल्यावर आलं, वकिलासारखं, कागद लावून. तिथं मात्र मी गॉगल सारखा करून हसले आणि ‘थँक्यू’ म्हणाले. थँक्यू!

अकरा वर्षं पुण्यात काढली आणि तिथं शेवटपर्यंत मी ‘ती सोलापूरची’ होते. ‘काय की’ म्हटलं की हसायचे. आता इथं... जाऊ दे. तिकडचं इथं लिहायचं नाही असं ठरलंय.

संध्याकाळी बेसिनवरच्या आरशात बघितलं तेव्हा मात्र हसू आलं. डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळणारा स्कार्फ, वर गॉगल, खांद्याला कापडी पिशवी, तीवर वारली चित्रं. दोनशे म्हटल्यावर दोनशे काढून देणारी. घासाघीस न करणारी बाई या बाजारात इथली कशी असेल? त्याच्या जागी मी असते तरी पुणेच म्हणाले असते. मुंबई म्हणाला नाही हे नशीब.

आई दारातच. “माठ कुठाय?”

माठ राहिलाच.

पुठ्ठे बघून काही बोलली नाही. किती दिले विचारल्यावर शंभर सांगितलं. तेही तिला जास्तच वाटले. आठ वाजता लाईट गेली तेव्हा तिनं त्यातला गठ्ठा उचलला आणि वारा घालायला लागली. दोन मिनिटांनी थांबली. “वाराच येईना गं याचा.” भोकं ना. सगळा वारा मोरातून निघून जात होता.

अंधारात खालच्या काकूंना फोन केला आणि विचारलं, ए ऊरू म्हटलं तर काय म्हणायचं? त्या आधी खूप हसल्या, मग म्हणाल्या, “मादि ई ऊरे.” आमचं हेच गाव. मी चार वेळा म्हटलं. चौथ्यांदाही त्या हसल्याच. म्हणाल्या, बरोबर आहे, फक्त पुण्याच्या बाईनं म्हटल्यासारखं वाटतंय.

पुढच्या मंगळवारी जाऊन म्हणून यावं असं वाटतंय. माठाचं निमित्तही आहे. पण पाणी पाच दिवसांआड, उद्या आलं तर नंतर नेमकं मंगळवारीच येणार. सकाळभर पिंपं भरण्यात जाईल. तोपर्यंत फ्रिजमधलंच पाणी.