चिठ्ठी शाबूत, शैवाल मऊ

द्रवात ठेवलेल्या नमुन्यांची वार्षिक पाहणी म्हणजे बहुतांशी झाकणे घट्ट करणे आणि घटलेली पातळी भरून काढणे. त्या दिवशी मात्र एका अभ्यासकाने अँफिरोआ या चुनखडीयुक्त लाल शैवालाची बरणी मागितली, म्हणून ती उघडली. या शैवालाची पेरे कॅल्शियम कार्बोनेटने कडक झालेली असतात, फक्त सांधे लवचिक राहतात. चिमट्यात ते खरखरीत लागते आणि बेताने न उचलल्यास कट्कन मोडते. माझ्या चिमट्यातून ते भिजलेल्या दोऱ्यासारखे लोंबले. फांद्या, पेरे सगळे जागच्या जागी होते; फक्त चुना नव्हता. जाड सुती कागदावर पेन्सिलीने लिहिलेली आतली चिठ्ठी मात्र स्वच्छ वाचता येत होती.

नोंदवहीत त्या बरणीपुढे ‘फॉर्मलिन’ एवढाच शब्द आहे. फॉर्मलिनचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाचा, 1 भाग आणि समुद्राच्या पाण्याचे 9 भाग हे समुद्री शैवालांसाठी नेहमीचे मिश्रण. परंतु त्यातील फॉर्मल्डिहाइडचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन फॉर्मिक आम्ल तयार होते, म्हणून बोरॅक्ससारखे काहीतरी घालून ते शमवावे लागते. आमच्यातल्या काही जणांना हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटतो. पट्टी बुडवली तेव्हा पीएच 4 च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी निघाला. अंगात चुना होता तोवर शैवालच ते आम्ल शमवत राहिले असणार.

3 वर्षांपूर्वी याच बरणीची पातळी मी भरून काढली होती आणि तक्त्यात ‘ठीक’ लिहिले होते. तक्त्यात पातळी, झाकण आणि चिठ्ठी यांचे रकाने आहेत, पीएचचा नाही; पण ही सबब माझी मलाच पुरत नाही.

एक सहकारी म्हणाले, ‘‘आता टाकूनच द्या.’’ मला ते पटले नाही. अशा शैवालाचे पातळ काप घेण्यासाठी आपण मुद्दाम आम्लाने चुना काढतोच. पेशींची मांडणी या नमुन्यातही पाहता येईल. भीती निराळीच आहे: उद्या कोणी जुन्या चिठ्ठीवर विसंबून हे शैवाल मुळातच मऊ होते असे समजले, तर? म्हणून जुनी चिठ्ठी तशीच ठेवून शेजारी दुसरी सोडली: ‘चुना साठवणुकीत विरघळला’, खाली तारीख आणि पीएच. त्या ‘साठवणुकीत’च्या आधी ‘आमच्या’ लिहावे की नाही, यावर पेन्सिल बराच वेळ अडली आणि शेवटी मी ते लिहिले नाही.

त्याच फळीवर त्याच हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्यांच्या आणखी 6 बरण्या आहेत. 2 तपासून झाल्या. दोन्हींत शैवाल मऊच निघाले.