सिंबल्स इतक्या काळ्या का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी ड्रम वाजवतो. ड्रमसेटच्या स्टँडवर ज्या धातूच्या थाळ्या असतात, त्या सिंबल्स. कार्यक्रम संपला की कुणीतरी स्टेजवर येतंच. "दादा, वाजवता झकास, पण सिंबल्स किती काळ्या! जरा चिंच-मीठ लावा की." इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता ऐकाच.

चांगली सिंबल म्हणजे बहुतेक वेळा कासं. साधारण 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. तळपायाला तेल चोळायच्या वाटीचीच ही बहीण. काशात आंबट ठेवू नये हे घरातली कुठलीही आजी सांगेल, मग माझ्या राइडलाच, म्हणजे ठेका धरायच्या मोठ्या सिंबललाच, चिंच का? वर ज्या बारीक गोल रेषा दिसतात, त्या लेथवर कोरलेल्या असतात आणि आवाजात त्यांचा वाटा असतो. घासायची पावडर नेमकी तिथेच अडकून बसते. छापलेला लोगो तर पहिल्या फटक्यात जातो.

एवढं कळूनही लोकांना वाटतं, हा आळशीपणा झाकतोय. थोडा झाकतोही.

पण माझी 20 इंची राइड गेली तेव्हापासून मला या विषयावर शांतपणे बोलता येत नाही. एका जुन्या वादकाने वाजवणं सोडताना ती मला दिली होती. स्टिक जिथे पडायची तिथे काळपट पट्टा, आणि आतल्या बाजूला त्यांनी मार्करने काढलेली बारीक फुली. आमचा एक मोठा शो होता, एलईडी स्क्रीन, व्हिडिओ शूटिंग, सगळा थाट. आयोजकाला काळ्या सिंबल्स कॅमेऱ्यात नको होत्या. मला न विचारता त्याने सामान उचलणाऱ्या पोराच्या हातून त्या पॉलिशवाल्याकडे पाठवल्या. समया आणि देवळातल्या घंटा जिथे बफच्या चाकाला लावतात, तिथे. संध्याकाळी पोरगं बॅग उघडून म्हणालं, "दादा, बघा, आरसा झालाय!" त्याची बोटं पॉलिशने काळी, चेहरा मात्र फुललेला. त्याला काय बोलणार? मी राइड उलटी केली. फुली गेली होती. वरच्या रेषांवरून नख फिरवलं, तर पूर्वीसारखं करकरलं नाही. साउंडचेकला स्टिक मारली. पूर्वी स्टिकच्या टोकाचा ठोका सुटा ऐकू यायचा, "टिंग". आता सगळं "श्श्श"मध्ये विरघळत होतं. आयोजक म्हणाला, "मस्त चमकतंय." मी शो वाजवला. पैसेही घेतले.

आता एक कबूल करतो. कंपन्या स्वतः बफ केलेल्या चकचकीत सिंबल्स विकतात आणि त्या उत्तम वाजतात. शिवाय एका मित्राने माझी पॉलिशआधीची आणि नंतरची रेकॉर्डिंग कुठली कोणती ते न सांगता ऐकवली, तेव्हा मी चुकीच्या रेकॉर्डिंगकडे बोट दाखवलं. मग हळहळ आवाजाची की फुलीची? "मळ म्हणजेच टोन" असं मी एकेकाळी छातीठोकपणे सांगायचो. तेव्हाचा मी आज समोर आला तर त्याला म्हणेन, बाबा रे, काळा थर वेगळा आणि घामाचा चिकटा वेगळा. तो लगेच म्हणेल, कानाला कळतं. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही.

त्यामुळे मधला रस्ता. वाजवून झालं की कोरडं सुती कापड. फारच चिकट झाल्या तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, रेषांच्या दिशेने गोल पुसायचं, लोगो टाळायचा, लगेच कोरडं करायचं. धरायचं कडेने, कारण घामाचे ठसे उमटतात. पावसाळ्यात ओल्या बॅगेत ठेवल्या की हिरवे डाग पडतात. आणि स्टँडच्या दांड्यावरची प्लास्टिकची नळी (स्लीव्ह) आणि सिंबलला लागणारी मऊ चकती (फेल्ट) तपासा, वरचा पंखवाला नट (विंग नट) आवळू नका. कळकट सिंबलने कुणाचं वाईट होत नाही. उघड्या दांड्यावर घासून भोक लांबट झालं की मात्र तिथून तडा जायची भीती असते. हे बघायला कुणी स्टेजवर येत नाही.

पुढच्या वेळी आलात तर माझी हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी सिंबलची जोडी, वाजवून बघा. चिंच घरी ठेवून या.