तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यात दिसलेला विषाणू

2022च्या जानेवारीपासून प्रत्येक परिषदेत कुणीतरी मला बाजूला घेऊन विचारतं, "मल्टिपल स्क्लेरोसिसमागे विषाणू असणार, असं तुम्ही केव्हापासून म्हणत होतात. आता ते दिसलं. मग तुम्हीच काम अर्ध्यावर का सोडलंत?" विचारणाऱ्याच्या आवाजात कीव असते. त्यापेक्षा तोंडावर नालायक म्हटलेलं परवडेल.

आधी एक सांगतो. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण कुरतडते, तो आजार. दिसला तो एप्स्टाइन-बार विषाणू. माझा त्याच हर्पिस कुळातला, पण दुसरा. आणि ते दाखवणाऱ्या संशोधकांकडे काय होतं ते बघा: अमेरिकी सैन्यातल्या 1 कोटीहून जास्त लोकांच्या 20 वर्षांच्या नोंदी, आजार होण्याआधीच साठवलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढलेला पातळ भाग. लागण आधी, आजार नंतर, धोका 32 पट. माझ्याकडे होते शवविच्छेदनातून आलेले मेंदूचे तुकडे, हरभऱ्याएवढे. त्यात विषाणू सापडला तरी आजार त्याने घडवला, की सूज आल्यावर पेशींबरोबर तो आत आला, हे कळायला मार्ग नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. निधीच्या अर्जात मात्र ते वाक्य मी पाचव्या पानावर ढकललं होतं.

अकरा तुकड्यांत विषाणूचा डीएनए मिळाला. निबंध पाठवला. परीक्षकांनी मागितलं एवढंच, की मिळालेल्या डीएनएचा क्रम वाचून दाखवा. वाजवी मागणी होती, मी चिडलो.

आमचा पीसीआर, म्हणजे फेरीफेरीने (सायकलने) डीएनएच्या प्रती दुप्पट करत नेणारी चाचणी, नीट चालतोय ना, हे बघायला एक प्लाझमिड असायचं: विषाणूचा तुकडा घातलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ. त्यात मीच डीएनएचं एक अक्षर बदलून घेतलं होतं, सीच्या जागी टी. कधी ते नमुन्यात सांडलंच, तर ओळखू यावं म्हणून. माझीच हुशारी.

त्या संध्याकाळी माझी विद्यार्थिनी लॅपटॉप घेऊन आली आणि काही न बोलता तो माझ्यासमोर ठेवला. रंगीत शिखरांच्या रांगा, डीएनएच्या प्रत्येक अक्षराला एक शिखर. सी निळा, टी लाल. जिथे निळं शिखर हवं, तिथे लाल. खाली सरकवलं. लाल. पुन्हा लाल. अकरापैकी नऊ.

मग ती म्हणाली, "सर, पाण्याच्या ट्यूबमध्येही येत होतं. 38व्या सायकलला. मी दाखवलं होतं."

दाखवलं होतं. ज्या ट्यूबमध्ये नुसतं पाणी, तिच्यात काहीही उगवता कामा नये, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी तिला म्हणालो होतो, "इतक्या उशिरा काहीही येतं, 37ला रेघ मार." म्हणजे त्यानंतर जे येईल ते धरायचं नाही. मेंदूच्या तुकड्यांतला विषाणू दिसत होता 34-35ला. रेघ अगदी सोयीची पडत होती.

जागेबद्दलही बोलतो, कारण ते खोटं नाही. पीसीआर झालेली एक ट्यूब उघडली की अब्जावधी प्रती हवेत, पिपेटवर, हातमोज्यांवर. म्हणून नमुना तयार करायची खोली वेगळी लागते. आम्ही तीन वर्षं मागत होतो, मिळाली नाही. पण खोली नव्हती म्हणून रेघ 37ला पडली नाही. ती मी मारली.

वाईट म्हणजे मी अडाणी नव्हतो. एक्सएमआरव्हीचं प्रकरण मी दरवर्षी वर्गात सांगायचो: 2009मध्ये दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांत सापडला म्हणून गाजलेला विषाणू, 2011मध्ये तो निबंध रद्द, कारण प्रयोगशाळेतलंच दूषितीकरण. मुलं हसायची, मीही हसायचो. तेव्हाच्या मला आज पकडून विचारावंसं वाटतं, तुला पाणी दिसलं नाही का रे? तो म्हणेल, दिसलं, पण अकरा कुटुंबांनी मेंदू दिले होते, त्यांना मी काय सांगणार होतो? या उत्तराची मला चीड येते. खोडून मात्र काढता येत नाही.

निबंध मी मागे घेतला. विद्यार्थिनी दुसऱ्या विषयाकडे वळली. निधी संपला, आणि पुन्हा अर्ज मी केला नाही. भीतीने की लाजेने, ते दर वर्षी मी वेगळं सांगतो.

आणि ते दोन. नऊंमध्ये लाल होतं, उरलेल्या दोघांत निळं. तेही दुसऱ्या कुठल्या वाटेने आलेलं दूषितीकरण असेल. नसेलही. पुन्हा तपासायला ऊतक उरलं नव्हतं, डीएनए क्रम वाचण्यातच संपला होता. मागच्या वर्षी उणे 80चा फ्रीझर बदलला, तेव्हा त्या दोन ट्यूब मी स्वतः नव्या फ्रीझरमध्ये हलवल्या. रिकाम्या आहेत.