कमी खाऊन तेवढेच वाढणारे करडू

धाराशिव जिल्ह्यातील आमच्या घरी उस्मानाबादी शेळ्या तीन पिढ्यांपासून आहेत, पण एक किलो वजन वाढवायला करडू किती खाते, हे आम्ही कधीच मोजले नव्हते. बोकडाच्या कमरेवर हात फिरवून भाव ठरवायचा, एवढीच रीत होती. मांसासाठी पाळलेल्या गुरांबाबत १९६३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडलेला विचार माझ्या वाचनात आला: वजन आणि वाढ पाहता जेवढे खाद्य लागायला हवे, त्यापेक्षा कमी खाणारे जनावर निवडावे. तो करडांवर पडताळून पाहायचे मी ठरवले.

साडेतीन महिन्यांची आठ नर करडे निवडली, त्यांना जंतनाशक, आंत्रविषार (आतड्यांत विष तयार होणारा आजार) व पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) यांच्या लसी दिल्या आणि प्रत्येकाला वेगळ्या कप्प्यात ठेवले. तुरीचे भुसकट, शेवरीचा पाला आणि मक्याचा भरडा व सरकी पेंड यांचा खुराक, असा आहार होता. रोज सकाळी टाकलेले आणि उरलेले दोन्ही तोलायचे. ओल्या पाल्याचे वजन फसवे असते, त्यामुळे थोडा पाला वाळवून सारा हिशेब कोरड्या वजनात मांडावा लागला. सर्वांत जास्त वेळ यातच गेला.

दुसऱ्या आठवड्यात घाईने भरडा वाढवला आणि एका करडाचे पोट फुगले, त्याने खाणे सोडले. पशुवैद्यकांच्या उपचारांनी ते वाचले, पण चूक माझी होती. पुढे खुराक वाढवायचा तो दहा-बारा दिवसांत थोडाथोडा.

नव्वद दिवसांनी दोन करडांचे वजन सारखेच, सुमारे आठ किलोंनी वाढलेले होते. मात्र एकाने वाढलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण साडेसहा किलो कोरडे खाद्य खाल्ले होते आणि दुसऱ्याने साडेआठ. कमी खाणारे करडू दिसायला किरकोळ होते. हाताच्या अंदाजावर गेलो असतो, तर तेच आधी विकले असते. त्याला खच्ची न करता पैदाशीसाठी ठेवले.

बाकीची विकताना उन्हात गाडीत कोंबून नेली नाहीत. आदल्या संध्याकाळीच पोहोचवून पाणी आणि विश्रांती दिली, कारण धास्तावलेल्या जनावराच्या स्नायूंतील साखरेचा साठा कत्तलीआधीच संपतो, मग मांसात पुरेसे आम्ल तयार होत नाही आणि ते काळपट, चिकट राहून लवकर खराब होते. खाटीकदादांनी मांसाचा रंग पाहून पुढच्या खेपेचीही मागणी नोंदवली.

ठेवलेल्या बोकडाची पहिली करडे आता दूध सोडण्याच्या वयात आली असून त्यांच्यासाठी कप्पे तयार आहेत.