पाटी म्हणाली ६०, कॅमेरा म्हणाला ५०

माझे वडील, अण्णा, ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. सांगली डेपोतून निवृत्त झाले आणि २०२३च्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे बर्मिंगहॅमजवळ राहायला आले. इथल्या राजवाड्यांपेक्षा त्यांना इथल्या रस्त्यांचं जास्त कौतुक. मोटरवेवर पहिल्यांदा निघालो तेव्हा वरच्या लोखंडी कमानीवर लाल कड्यात ५० आकडा पेटला, पुढच्या कमानीवर ४० झाला. अण्णांनी विचारलं, "अगं, ही पाटी बदलतंय कोण?"

त्यांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते. इथे मोटरवेवर गाड्यांची कमाल मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर. पण काही मोटरवेंवर ही मर्यादा गर्दीप्रमाणे बदलते. रस्त्याच्या पोटात तारांची वेटोळी पुरलेली असतात. वरून गाडी गेली की त्यांना कळतं. गाड्या दाटायला लागल्या, वेग पडायला लागला, की यंत्रणा मागच्या कमानींवरचे आकडे आपोआप उतरवते. अपघात झाला किंवा रस्त्यावर काही पडलं, तर नियंत्रण कक्षातला माणूसही ते बदलू शकतो. आकड्याभोवती लाल कडं असेल तर तो कायदा. कडं नसेल तर ती सूचना.

हळू चालवून सगळे लवकर कसे पोचतील, हे अण्णांना समजावायला मला खंडाळ्याचा आधार लागला नाही, त्यांनीच तो घेतला. रविवारी संध्याकाळी घाटाच्या अलीकडे सगळं ठप्प होतं आणि अर्ध्या तासाने पुढे गेल्यावर कळतं की तिथे अपघात नव्हता, ट्रक बंद नव्हता, काहीच नव्हतं. पुढच्या एकाने ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि मैलभर मागे कुणीतरी पूर्ण थांबलं. सगळ्यांना आधीच ५०वर आणलं तर ही लाट उठत नाही किंवा लवकर विरते. लंडनभोवतीच्या एम २५वर १९९५मध्ये हे सुरू झालं. २००६मध्ये आमच्या जवळच्या एम ४२वर त्याचा पुढचा प्रयोग झाला, तेव्हा गर्दीच्या वेळी कडेची राखीव पट्टीही वाहतुकीला खुली केली. त्या पट्टीबद्दल इथे पुढे खूप वाद झाले, आणि माझ्या मते ते रास्तच होते. बंद पडलेली गाडी कुठे उभी करायची हा साधा प्रश्न आहे. पण बदलत्या मर्यादेची कल्पना मला पहिल्यापासून पटलेली आहे आणि आजही पटते.

म्हणूनच त्या नोव्हेंबरमध्ये आलेलं पत्र मनाला लागलं.

वेग मोडल्याचं पत्र इथे गाडीच्या नोंदणीकृत मालकाला १४ दिवसांत पोचावं लागतं. मग गाडी कोण चालवत होतं हे २८ दिवसांत कळवायचं. माझ्या पत्रात तारीख, वेळ, जागा सगळं होतं. मर्यादा ताशी ५० मैल, माझा वेग ५८. त्या दिवशी आम्ही किराणा घेऊन परतत होतो. अण्णा शेजारी बसलेले. कमानीवर मला ६० दिसला होता आणि मी काटा ६०वर धरला होता. पत्र वाचून दाखवल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "साठच होतं. मी बघितलंय."

पुढचं सगळं या दोन आकड्यांमध्ये आहे, म्हणून थोडं थांबते. माझा काटा ६० दाखवत होता आणि कॅमेऱ्याने ५८ मोजला. हे अगदी बरोबर आहे. गाडीच्या काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवणं नियमाला चालत नाही, थोडा जास्त दाखवलेला चालतो. त्यामुळे बहुतेक गाड्यांचा काटा जरा पुढेच असतो. अण्णांनाही हे नोकरीपासून ठाऊक. म्हणजे कॅमेऱ्याने माझा वेग चोख मोजला होता आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. प्रश्न एवढाच होता की त्या क्षणी मर्यादा किती होती. पाटी आणि कॅमेरा एकाच घड्याळावर चालतात हे मी गृहीत धरलं होतं. ते नसेल तर कॅमेरा कितीही अचूक असो, निकाल चुकणारच.

मोजण्याचं तंत्र फार जुनं आहे. मॉरिस गात्सोनिडेस नावाच्या डच शर्यतपटूने, १९५३ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकणाऱ्याने, वळणावरचा स्वतःचा वेग मोजून तो वाढवायला यंत्र तयार केलं. त्याच्याच नावाचे 'गात्सो' कॅमेरे १९९०च्या दशकात ब्रिटनभर बसले. ते दोन फोटो काढतात आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून अंतर पुन्हा तपासता येतं. दुसरा प्रकार सरासरी वेगाचा. दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपायची, मधलं अंतर भागिले वेळ. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आता असेच कॅमेरे आहेत, त्यामुळे ई-चलानाचा मेसेज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पण तिथे मर्यादा ठरलेली असते. कारला सपाटीवर १००, घाटात ६०. ती सकाळी जी, तीच संध्याकाळी. त्यामुळे वाद झाला तर वेगाचा होईल. इथे मर्यादाच दर मिनिटाला हलू शकते आणि कॅमेऱ्याला ती कमानीकडून कळावी लागते. आकडा बदलल्यावर कॅमेरा लगेच पकडत नाही, चालकाला थोडा अवधी देतो. हा अवधीही घड्याळावरच अवलंबून.

माझ्याकडे पुरावा काय होता? अण्णांचे डोळे. ३१ वर्षं प्रवाशांचे जीव सांभाळलेल्या माणसाने पाटी वाचली होती. पण यंत्राच्या नोंदीसमोर शेजारच्या सीटवर बसलेल्या वडिलांच्या शब्दाला किती वजन मिळेल, हे मला माहीत होतं. कोर्टात जावं तर हरल्यावर दंड मोठा. न जावं तर १०० पौंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट, म्हणजे नियम मोडल्याचे गुण, किंवा त्याऐवजी वेगमर्यादा जागृती वर्ग. मी वर्ग घेतला. नव्वदेक पौंड, ऑनलाइन, जवळपास अडीच तास. वर्ग चांगला होता, हेही सांगायला हवं. ५० मैलांना गाडी थांबायला ५३ मीटर लागतात आणि ७०ला ९६ मीटर, हे मी तेव्हा मीटर मोजून मनात बसवलं. पण शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमच्या बाबतीत काय झालं?" तेव्हा 'लक्ष नव्हतं' असं मी म्हणाले. खरं तर लक्ष होतं. ते खोटं बोलणं मला अजून टोचतं.

अण्णा फेब्रुवारीत परत गेले. जाताना म्हणाले, "यंत्राला बदली ड्रायव्हर नसतो गं. त्याचं चुकलं तर कोण सांगणार?"

डिसेंबर २०२५मध्ये ते सांगितलं गेलं. इंग्लंडचे मोटरवे सांभाळणाऱ्या 'नॅशनल हायवेज' या संस्थेने जाहीर केलं की काही कॅमेऱ्यांच्या अद्ययावतीकरणानंतर पाटी आणि कॅमेरा यांच्यात सुमारे १० सेकंदांचा फरक पडत होता. २०२१पासून अशा चुकीच्या नोंदी सुमारे २,६५० निघाल्या. एकूण पकडलेल्या गाड्यांच्या मानाने त्या थोड्या आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना पैसे परत मिळणार, पॉइंट काढणार, असं ठरलं. दरम्यान पोलिसांनी खबरदारी म्हणून ३६,००० हून अधिक जागृती वर्ग रद्द केले.

१० सेकंद म्हणजे किती? ताशी ६० मैलांनी जाणारी गाडी तेवढ्यात सुमारे २७० मीटर जाते. पाटीवर ६० पेटलाय, कॅमेऱ्याच्या लेखी अजून ५० आहे आणि माणूस या दोन्हींच्या मध्ये आहे. त्याने नियम पाळला, तरी तो पकडला जातो. इथे कुणी मुद्दाम काही केलं असं मला वाटत नाही. पण चार वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ज्यांना शंका होती त्यांच्याकडे ती मांडायला पुरावा नव्हता. आपल्याकडचे कॅमेरे वाढताहेत, तेव्हा पाटीची वेळ आणि कॅमेऱ्याची वेळ कोण तपासतो, किती दिवसांनी तपासतो, हे आधीच विचारा. पत्र आल्यावर विचारायला उशीर होतो.

बातमी आली त्या रात्री मी अण्णांना फोन केला. पलीकडे खूप वेळ शांतता होती. मग त्यांनी नीट विचारून घेतलं, किती सेकंद, कुठले कॅमेरे, पैसे कसे परत देणार. माझी नोंद त्या २,६५०मध्ये आहे की नाही, हे मला माहीत नाही. कदाचित नसेलही. कदाचित आम्ही दोघांनी आधीच्या कमानीवरचा आकडा पाहिला असेल. मी आता गाडीत डॅशकॅम लावलाय, तो प्रत्येक कमान टिपतो. परवा पावसात सगळीकडे ४० पेटले होते. चारही लेन एका चालीने हलत होत्या, कुणी घाई करत नव्हतं. दृश्य सुंदर होतं. मी वेग ४०वर आणला.

दर रविवारी अण्णांचा फोन येतो. औषधं, नातवंडांची शाळा, पाऊस. मग शेवटी, "पत्र आलं का?"

"नाही आलं, अण्णा."

"बरं. पुढच्या रविवारी बघू."