चौदाव्या दिवसाचा अहवाल

बेडक्याच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचपट्टीवर पसरून रंगवलेल्या थरात, आम्लरोधी (आम्लाने धुतले तरी रंग न सोडणारे) जंतू भरपूर दिसत होते, आणि त्याच नमुन्याची जीनएक्स्पर्ट ही क्षयजंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी मात्र क्षयाचे जंतू नाहीत असे सांगत होती. साठी उलटलेल्या त्या बाईंच्या फाइलमध्ये हीच विसंगती पूर्वीही नोंदलेली होती. पण दर वेळी ‘नमुना सदोष असावा’ असा शेरा मारून क्षयाची औषधे चालूच ठेवली गेली. इतके जंतू असलेल्या नमुन्यात ती चाचणी चुकणे फार अवघड असते, आणि क्षयेतर मायकोबॅक्टेरिया, म्हणजे क्षयजंतूंच्याच कुळातले पण क्षय न करणारे जंतूही, स्मिअरमध्ये तसेच लाल दिसतात, हे कोणालाच कसे सुचले नाही, याचा मला अजून राग येतो.

हे जंतू पाण्यामातीत सर्वत्र असल्यामुळे बेडक्याच्या एकाच कल्चरवरून (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीवरून) निदान करता येत नाही, म्हणून वेगवेगळ्या दिवशींचे दोन नमुने मागवले. दोन्हींतून मायकोबॅक्टेरिअम अ‍ॅब्सेसस हा अशा क्षयेतर जंतूंपैकीच एक निघाला, आणि सीटी स्कॅनमधल्या रुंदावलेल्या श्वासनलिका व बारीक गाठी त्याच्याशी जुळत होत्या.

खरी कसोटी पुढे होती. कोणते औषध किती मात्रेला जंतूंची वाढ रोखते हे दाखवणारी औषधसंवेदनशीलतेची प्लेट ३० अंश सेल्सिअसवर ठेवली. पाचव्या दिवशी क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या कप्प्यांमधले द्रव स्वच्छ होते, म्हणजे जंतू वाढलेले दिसत नव्हते. फिजिशियन तळमळीचे, पण उतावळे. त्यांचा फोन आला, “मॅडम, चालतंय ना? मग सुरू करतो.” मी म्हटले, “सर, चौदा दिवस पुरे होऊ द्या.” या जंतूतील ईआरएम ४१ हे जनुक औषधाच्या सान्निध्यात हळूहळू जागे होते आणि मग प्रतिरोध उघड होतो. त्यानंतर रोज प्लेट उजेडापुढे धरून पाहत होते: आधी कमी मात्रेच्या कप्प्यांच्या तळाशी पुसट गढूळपणा आला, मग तो जास्त मात्रेकडे सरकत गेला, आणि चौदाव्या दिवशी एकही कप्पा स्वच्छ उरला नाही. पाचव्या दिवशीच ‘संवेदनशील’ असे लिहून मोकळे होणाऱ्या प्रयोगशाळा रुग्णाचे किती नुकसान करतात, हे त्या प्लेटवर डोळ्यांना दिसत होते.

शिरेतून अमिकासिन व इमिपेनेम आणि तोंडाने क्लोफाझिमिन सुरू झाले. क्लॅरिथ्रोमायसिनच्याच गटातले अझिथ्रोमायसिन सोबत ठेवले, तरी जंतूंवर चालणाऱ्या औषधांत ते धरलेले नाही. अमिकासिनने ऐकू येणे कमी होऊ शकते, म्हणून श्रवणचाचणी नियमित होते. खोकला कमी झाला आहे, वजन थोडे वाढले आहे, पण कल्चर अजून पॉझिटिव्हच येते. विकार उजव्या फुफ्फुसाच्या मधल्या खंडापुरता असल्याने तो भाग काढावा का, यावर फिजिशियन आणि शल्यविशारद यांचे अद्याप एकमत झालेले नाही.